रंगवलेले आणि रागावलेले

एखाद्या माणसाला शब्दांत, चित्रात किंवा रंगमंचावर उभं करायला इंग्रजीत 'पोर्ट्रे' असं क्रियापद आहे. शाळेत ते आलं की मास्तर फळ्यावर 'चित्रण करणे' असा अर्थ लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. रोजच्या बोलण्यात आपण 'रंगवणे' वापरतो आणि त्यात बरंच काही भागवून घेतो. नट भूमिका रंगवतो, पेंटर दुकानाची पाटी रंगवतो, विरोधक आपल्याला खलनायक म्हणून रंगवतात अशी पुढाऱ्याची तक्रार असते आणि गोष्ट हातघाईवर आली तर थोबाडही रंगवलं जातं. शब्दकोश इथवर येतो आणि थांबतो. पुढचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. अमक्याचं चित्रण झालं, हे ठरवायचं कुणी? लेखकावर सोपवावं तर तो सर्व पात्रं काल्पनिक असल्याचं सुरुवातीलाच छापून हात झटकतो. प्रेक्षकावर सोपवावं तर त्याला मध्यंतरातल्या वड्याची काळजी असते. समीक्षक दोन वर्षांनी लिहितो आणि तेही दुसऱ्या समीक्षकासाठी. उरतो एकच इसम, रागावणारा. 'हे माझ्यावर आहे' असं म्हणत जो खुर्चीवरून उठतो, त्याचं चित्रण झालं. बाकीच्यांचं नुसतं नाटक झालं. हे माझं म्हणणं सिद्ध करायला फार लांब जायची गरज नाही. सातारा आणि सांगली एवढे दोन जिल्हे पुरतात.

सुरुवात सांगलीपासून, कारण मराठी रंगभूमीचीही तिथूनच झाली. १८४२ साली कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत बसवायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. पदं सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी त्यांना धरून आपापल्या अकलेप्रमाणे भाषण करायचं, असा सगळा मामला. ज्याची अक्कल कमी पडे तो आवाजावर भागवत असणार. विशेषतः राक्षसपार्टी. चेहरे रंगवून, तलवारी परजत, 'अललल डुर्र' अशा आरोळ्या ठोकत ती मंडळी येत, म्हणून पुढे अशा खेळांना लोक अललडुर्र नाटकंच म्हणू लागले. रंग भरपूर होता, पण चित्रण कुणाचं झालं? रावणाचं म्हणावं तर रावणाकडचं कुणी सांगलीत राहायला नव्हतं. कुणाच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं, गणपती पेठेत त्याचं दुकान नव्हतं. 'आमच्या घराण्याची बदनामी झाली' असं सांगत कुणी राजवाड्यावर जाणं शक्यच नव्हतं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो योग्यच आहे. फक्त त्या दिवशी रंगभूमी जन्मली, चित्रण अजून जन्मायचं होतं.

सांगलीच्या शेजारी कृष्णाकाठी हरिपूर आहे. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते काम जवळजवळ केलंच होतं. १८९९ च्या 'संगीत शारदा'त पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो, मुलीचा बाप कांचनभट पैशाच्या मोहाने तयार होतो आणि भद्रेश्वर दीक्षित मधल्यामध्ये हात ओले करून घेतो. अशी तिकडी त्या काळी गावोगाव होती, त्यामुळे आता राग येणार अशी माझ्या सिद्धान्ताची अपेक्षा असायला हवी. पण इथे एक खुबी आहे. रागवायचं तर आधी 'मीच तो भुजंगनाथ' हे कबूल करावं लागतं, आणि कवळी सावरत भर नाट्यगृहात ते कबूल करायला कोणता म्हातारा उठेल? उलट तो शेजाऱ्याला कोपर मारून तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवेल. एका नमुन्याचं चित्र काढलं की ते नेहमी दुसऱ्याचं निघतं. मात्र हे नाटक मराठी मनात इतकं मुरलं की १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या नावाचा बालविवाहविरोधी कायदा आला, तेव्हा आपण त्याला सरळ 'शारदा कायदा' करून टाकलं. अजमेरच्या त्या गृहस्थांचं आडनाव देवलांच्या नायिकेला दत्तक गेलं. हेही चित्रणच म्हणायचं, पण ते चुकीच्या माणसाचं.

खरा पुरावा हवा असेल तर सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांकडे वळलं पाहिजे. लोकमान्यांच्या 'केसरी'तला हा माणूस १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणतो. गोष्ट महाभारतातली, विराटपर्वातली, हरदासांनी शेकडो वेळा सांगून गुळगुळीत केलेली. विराटाचा मेहुणा कीचक माजलेला आहे, सैरंध्रीच्या मागे लागला आहे, धर्मराज सबुरीचा सल्ला देतो आहे आणि भीम शेवटी कीचकाचा चेंदामेंदा करतो. नाटकात 'कर्झन' हा शब्द शोधून सापडायचा नाही. बंगालची फाळणी नाही, व्हाइसरॉय नाही, काँग्रेस नाही. आणि तरी थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की सैरंध्री कोण, सबुरीवाले मवाळ कोण, भीमाच्या अंगाने बोलणारे जहाल कोण आणि ज्याची मान मोडायची तो कोण. कर्झनसाहेब तोवर १९०५ सालीच विलायतेला परतले होते, त्यामुळे त्यांची प्रकृती उत्तम राहिली. पण त्यांच्या वतीने सरकार रागावलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

या बंदीचा तर्क नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. खाडिलकर म्हणणार, मी महाभारत लिहिलं. नट म्हणणार, आम्ही महाभारत केलं. आता बंदी घालायची तर कुणीतरी साहेबाने साहेबाला हे पटवून द्यायला हवं की नाटकात एक लंपट, उद्दाम, परस्त्रीच्या मागे लागणारा आणि शेवटी मरण्याच्याच लायकीचा इसम दाखवला आहे आणि तो पाहताक्षणी आपल्या माजी व्हाइसरॉयांची आठवण होते. बंदी घातली की हे साम्य सरकारी रीत्या मान्य झालं. खाडिलकरांच्या निंदकालाही जे पुराव्याने सिद्ध करता आलं नसतं, ते साम्राज्याने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी करून दिलं. ज्याने 'कीचकवध' पाहिलं नव्हतं त्यालाही बंदीमुळे कळलं की कीचक कोण. नाटककाराने अर्धं चित्र काढायचं आणि उरलेलं अर्धं रागावणाऱ्याने पुरं करायचं, असा हा भागीदारीचा धंदा आहे.

सांगलीकरांच्या भिडेखातर मी हे सांगतोय असं वाटू नये म्हणून कलकत्त्याचा दाखला देतो. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यात जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलाने युवराजाला घरी नेऊन अंतःपुरातल्या बायकांकडून त्याचं स्वागत करवलं. गावभर चर्चा झाली आणि नाटकवाल्यांनी 'गजदानंद' असं पात्र करून खेळ लावला. जगदानंदाचा गजदानंद, म्हणजे वेषांतर किती काटेकोर ते पाहा. पोलिसांनी खेळ बंद पाडला, तर मंडळींनी पोलिसांवरच दुसरा लावला. पोलीस कमिशनरचं आडनाव हॉग आणि सुपरिंटेंडंटचं लॅम, इंग्रजीत एक डुक्कर आणि दुसरं कोकरू, त्यामुळे नाटकाचं नाव शोधायला फार त्रास पडला नाही. परिणामी त्याच वर्षी नाटकांना वेसण घालणारा कायदाच झाला. एक वकील आणि दोन पोलीस स्वतःला ओळखून बसले, त्याची किंमत पुढे देशभरच्या नाटक मंडळ्यांनी मोजली.

इथे एक हुशार वाचक मला अडवेल. तो म्हणेल, रागावणारा चुकीचाही रागावू शकतो. कुणी उगाच अंगावर ओढून घेतलं म्हणून ते त्याचं चित्रण कसं? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं उत्तर योगायोगाने 'कीचकवधा'च्याच आसपास सापडतं. या नाटकातला गर्भितार्थ इंग्रज वाचकाला समजावून सांगणाऱ्यांत 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल होते. त्यांच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात ह्या नाटकाचा समाचार आहे. त्याच पुस्तकात त्यांनी टिळकांनाही रंगवलं आणि हिंदुस्थानातल्या असंतोषाचं पितृत्व त्यांच्या पदरी घातलं. टिळकांनी पुस्तकातल्या मजकुरावरून लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली तो हरले. म्हणजे पाहा, खाडिलकरांनी नाव न घेता रंगवलेल्या कर्झनचं चित्र सरकारने ओळखून दिलं, आणि चिरोलने नाव घेऊन रंगवलेल्या टिळकांनी 'मी असा नव्हे' म्हटलं तर कोर्टाने ऐकलं नाही. मग रागावणाऱ्याच्या दाखल्याला अर्थ काय उरला? उरतो. टिळकांनी हे चित्र आपलं आहे हे नाकारलं नव्हतं, ते वाईट काढलंय अशी त्यांची फिर्याद होती. आणि पुढची गंमत तर चिरोललाही झेपली नसती. ज्या विशेषणाने त्याने ठपका ठेवला, ते आपण उचललं, घासूनपुसून लख्ख केलं आणि 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हणून पाठ्यपुस्तकात लावलं. आज शाळकरी पोर हे बिरुद भाषण स्पर्धेत म्हणतं तेव्हा टाळ्या पडतात. शिवी म्हणून काढलेली तसबीर दिवाणखान्यात गेली. चित्रकार हरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप मेलेल्यांचा. ते रागावू शकत नाहीत, मग त्यांचं चित्रण कधीच होत नाही की काय? महाराष्ट्रात ही अडचण येत नाही. इथे मेलेल्याच्या वतीने रागवायला जिवंत माणसं केव्हाही मोफत उपलब्ध असतात. नाना फडणविसांचंच घ्या. त्यांचा वाडा आणि घाट सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी आहे. स्वतः नाना १८०० साली वारले. १७२ वर्षांनी, १९७२ च्या डिसेंबरात, पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं आणि त्यात नाना ज्या प्रकारे ठुमकत, लाळ घोटत आले, ते पाहून अनेकांचं पित्त खवळलं. विजय तेंडुलकर म्हणत होते की हे ऐतिहासिक नाटक नव्हेच. हे म्हणजे खाडिलकरांच्या उलट झालं. त्यांनी नाव महाभारताचं ठेवून आपल्या काळावर लिहिलं, तेंडुलकर नाव इतिहासाचं ठेवून इतिहास लिहिला नाही म्हणत होते. दोघांचाही खुलासा कुणी मानला नाही. नानांच्या बाजूने जे रागावले त्यांना माझ्या हिशेबात मुखत्यार म्हणायला हरकत नाही. फक्त मुखत्यारपत्रावर सही कुणाची, हे विचारायचं नाही.

त्याच नानांच्या मेणवलीच्या घाटाची स्थिती पाहिली की सिद्धान्ताला उलट्या बाजूने दुजोरा मिळतो. वाई-मेणवली परिसर हा आपल्याकडचा सर्वांत कसलेला चरित्र-अभिनेता आहे. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये तो बिहार झाला, २००४ च्या 'स्वदेस'मध्ये उत्तर प्रदेशातलं चरणपूर, २०१० च्या 'दबंग'मध्ये लालगंज आणि २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये त्याने तामिळनाडूही वठवलं. दुकानांवर हिंदी पाट्या चढल्या की बिहार, तामिळ पाट्या चढल्या की मद्रासकडचं खेडं. कृष्णामाई मात्र एकच साडी नेसून सगळ्या प्रवेशांत उभी. गुंडगिरी, खून, डोळ्यांत ॲसिड, काय काय त्या घाटांनी पाहिलं आणि सगळं परप्रांताच्या नावावर जमा झालं. वाईकर रागावले का? कशाला रागावतील? बदनामी व्हायची तर बिहारची. वाईला हॉटेलच्या खोल्या भरल्याचा फायदा. स्वतःचं नाव पडद्यावर नसलं की माणूस किती उदार होतो, हे वाईच्या बाजारात कुणीही समजावून देईल.

पडद्यावर नाव नसतानाही ओळख पटवणारा एक प्रकार साखरपट्ट्यात झाला, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. 'घाशीराम'च्याच तेंडुलकर आणि दिग्दर्शक जब्बार पटेल ह्या जोडीचा 'सामना' १९७५ साली आला. हिंदुराव धोंडे पाटील नावाचा सहकारसम्राट, त्याचा साखर कारखाना, त्याचा दरारा आणि त्याच्यापुढे उभा ठाकलेला एक दारुडा मास्तर. निळू फुल्यांनी पाटील असा उभा केला की गावाकडच्या बायका खऱ्या फुल्यांनाही बिचकायच्या असं सांगतात, आणि हे एका सेवा दलाच्या साध्या माणसाबद्दल. सातारा-सांगलीत उसाच्या कांड्याइतके चेअरमन, त्यामुळे आता तरी कुणी उठावं ना? पण देवलांच्या म्हाताऱ्यांचाच न्याय इथे लागू पडला असणार. ज्या गावात पिक्चर लागला त्या गावात तो शेजारच्या गावच्या पाटलाचा होता. शेजारच्या गावात तो पलीकडच्या तालुक्यातला. तालुक्याच्या गावी जिल्ह्याचा आणि जिल्ह्याच्या गावी थेट मुंबईचा. हा हिंदुराव एस.टी.च्या बससारखा थांबा घेत घेत पुढेच जात राहिला, कुठल्याच गावी उतरला नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हा साहित्यप्रेमींचा आहे, त्यामुळे जरा दबक्या आवाजात घेतो. चांगलं चित्रण हे ओळखीच्या जिव्हाळ्यातून होतं, त्यात रागाचा काय संबंध, असं ते म्हणतील आणि लगेच व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या 'माणदेशी माणसं'कडे बोट दाखवतील. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, जो आज सांगली जिल्ह्यात आहे. ओसाड माळ, अपुरा पाऊस आणि त्यात तगून राहिलेली माणसं त्यांनी अशी लिहिली की मराठीत व्यक्तिचित्र म्हटलं की ते पुस्तक आधी आठवावं. पुस्तक थोर आहे याबद्दल माझा वाद नाही. माझी शंका त्यावर पडणाऱ्या एका शब्दाबद्दल आहे, तो म्हणजे 'हुबेहूब'. हा शेरा देणारे वाचक बहुतेक पुण्या-मुंबईचे. ज्यांनी महाबळेश्वरच्या पलीकडचा सातारा जिल्हा पाहिला नाही, दुष्काळी माण-खटाव नकाशातही शोधला नाही, ते मान डोलावून सांगतात की अगदी हुबेहूब उतरलंय. मूळ पाहिल्याशिवाय नक्कल तंतोतंत असल्याचा दाखला देण्याची सोय आपल्याकडे तहसील कचेरीतसुद्धा नाही, तिथेही मूळ प्रत घेऊन या म्हणतात. मला वाटतं या वाचकांना म्हणायचं असतं की पुस्तक वाचताना माणूस समोर आला. ते खरं आहे आणि ते लेखकाचं मोठेपण आहे. पण साम्य जुळतं की नाही हे सांगायचा हक्क माळावरच्या त्या माणसांचा. त्यांच्यातल्या एखाद्याने पुस्तक ऐकून 'माझी बायको असं कधी बोलली न्हाई' म्हणून पागोटं आपटलं असतं, तर माझ्या दृष्टीने त्या एका वाक्याचं वजन शंभर अभिप्रायांहून जास्त ठरलं असतं.

तरीही एक जण अडून बसेल. तो म्हणेल, सगळी चित्रं निंदेचीच असतात का? स्तुतीने रंगवलेल्या माणसाचं काय, तो कशाला रागावेल? याचं उत्तर ग्रंथात सापडणार नाही, ते चौकात टांगलेलं आहे. कराड, विटा, तासगाव, इस्लामपूर, कोणत्याही स्टँडबाहेर मान वर करावी. दहा बाय वीसचा फ्लेक्स. मधोमध वाढदिवसाचे मानकरी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, एक हात मोबाइलसह कानाला. पाठीमागे वाघ आणि वाघाच्या पाठीमागे किल्ला. वर 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान' आणि त्याखाली 'भावी' या शब्दामागे सोयीप्रमाणे नगरसेवक, सभापती किंवा आमदार. रंग असा उजळलेला की सख्ख्या आईने सावकाश ओळखावं. फ्लेक्सवाला पोरगा कॉम्प्युटरवर बसून फक्त एवढंच विचारतो, "अजून गोरं करू का आण्णांना?" आणि कुणीही 'नको' म्हणत नाही. या मधल्या चित्रात अण्णांचं चित्रण झालेलं नाही हे मी सिद्धान्ताला धरून ठामपणे सांगतो, कारण त्यावर कुणीच रागावत नाही. ती जाहिरात आहे. वाघाचंही तिथे चित्रण झालेलं नाही.

पण नजर खाली न्या. तळाला 'शुभेच्छुक' म्हणून तीन ओळींत गोल गोल चेहरे लावलेले असतात. एकाचा फोटो आधार कार्डावरून उचललेला, दुसऱ्याचा लग्नातल्या फोटोतून कापलेला आणि कापताना वधूच्या शालूचा काठ खांद्यावर तसाच राहिलेला. पहिल्या ओळीतले चेहरे तळहाताएवढे, दुसऱ्या ओळीतले लिंबाएवढे, तिसऱ्या ओळीतले शर्टाच्या बटणाएवढे. फ्लेक्स रात्री चढतो आणि सकाळी सातला फ्लेक्सवाल्याचा फोन वाजतो, "आमच्या दादांचा फोटू तिसऱ्या वळीत का टाकलास रं?" इथे दादांना कुणी काळं केलेलं नाही, कुणी खलनायक केलेलं नाही, नावाआधी 'मा.' लावायलाही कुणी विसरलेलं नाही. फक्त मंडळात त्यांना कितपत विचारतात ते सेंटीमीटरमध्ये अचूक काढलंय, आणि ते पाहताक्षणी त्यांना पटलंय. मधल्या वीस फुटांत नसलेलं चित्रण त्या बटणाएवढ्या जागेत झालं आहे, आणि दाखला खुद्द दादांनी सकाळी सात वाजता दिला आहे. पुढच्या महिन्यात दादांचा स्वतःचा वाढदिवस येतो. तेव्हा त्याच चौकात, त्याच खांबांना, त्याच वाघासकट दादा मधोमध असतात आणि तिसऱ्या ओळीत, शालूच्या काठाशेजारी, अण्णा.